गुडघे नेणाऱ्या मॅडम

परभणीत रशीदभाईच्या मटणाच्या दुकानासमोर रविवारी सकाळी जी रांग लागते, तिच्यात सगळ्यात पुढं एक बाई उभ्या असायच्या. कपाळाला विभूती, गळ्यात इष्टलिंग, सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला आणि हातात बर्फ घातलेला थर्माकोलचा डबा. बाई लिंगायत घरातल्या. माहेरी कुणी अंडंसुद्धा खाल्लेलं नव्हतं, आणि स्वतः बाई श्रावणात कांद्याला हात लावत नसत.

"गुडघे द्या," त्या म्हणायच्या. "दोन्ही. नळी लागून असू द्या. आणि कापून किती वेळ झाला?"

"अब्बीच काटा, मॅडम."

"अब्बी म्हणजे?"

"बीस मिनट."

"वीस का पंचवीस? नेमकं सांगा."

रशीदभाई बिचारा भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून हिशेब करायचा. मागची रांग चुळबुळ करायची. एकदा गंगाखेडहून आलेल्या एका पाहुण्यानं मागून विचारलं, "मॅडम, सूप करायलाव का?" बाई मागं वळल्या आणि म्हणाल्या, "मी खायला नेत नाही. वाढवायला नेते."

तो माणूस मटण न घेताच घरी गेला, असं रशीदभाई सांगायचा.

या आमच्या हालगे मॅडम. पशुवैद्यकीय कॉलेजात पेशी वाढवायची एक छोटी प्रयोगशाळा होती, तिच्या त्या प्रमुख. मी तिथला टेक्निशियन. प्रमुख एक आणि टेक्निशियन एक, असा एकूण दोघांचा विभाग. मी मानवतचा, रोज एसटीनं ये-जा करायचो. सतरा वर्षं मी त्यांच्या हाताखाली काम केलं आणि त्यांना "बरं" म्हणताना मी दोनदा ऐकलं असेल.

वाढवायला म्हणजे काय, ते सांगितलं पाहिजे. गुडघ्यात हाडाच्या टोकावर एक गुळगुळीत पांढरा थर असतो. पुस्तकात त्याला कूर्चा म्हणतात, लोक गादी म्हणतात. गादी झिजली की हाडावर हाड घासतं आणि माणूस जिना चढताना देवाचं नाव घ्यायला लागतो. गादी पुन्हा येत नाही. मॅडमना ती प्रयोगशाळेत वाढवायची होती. रशीदभाईकडचा गुडघा आला की त्या गादीचे खसखशीएवढे तुकडे करायच्या, त्यातल्या पेशी सुट्या करायच्या, नळीच्या हाडातल्या मगजातून दुसऱ्या पेशी काढायच्या आणि फ्लास्कमध्ये ठेवून त्यांना खाऊपिऊ घालायच्या.

"यांची अडचण काय आहे काळे, नेमकी समजून घ्या," त्यांनी मला पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. "गादीच्या पेशी एकट्या वाढवल्या तर वाढतात. पण तीन आठवड्यांत चपट्या होतात आणि आपलं काम विसरतात. गादी करायची असते हेच विसरतात. मगजाच्या पेशी एकट्या ठेवल्या तर त्यांचं काही नक्की नाही. हाड करतील, चरबी करतील, नाहीतर नुसत्या बसतील. दोघींना एकत्र ठेवलं की कामाला लागतात."

"का लागतात, मॅडम?"

"माहीत नाही."

त्यांचा हा स्वभाव होता. माहीत नसेल तर माहीत नाही. होणार नसेल तर होणार नाही. मधलं काही नाही. आमच्या ऑफिसातले क्लार्क गायकवाड मोटरसायकलवरून पडून पाय मोडून घरी होते. सगळे भेटायला गेलो. जो तो म्हणत होता, दिवाळीपर्यंत पळायला लागाल साहेब. गायकवाडांनी मॅडमकडं आशेनं बघितलं, कारण हाडाच्या जाणकार त्या. त्यांनी एक्स-रे खिडकीशी धरला, बघितला आणि म्हणाल्या, "संक्रांतीपर्यंत नाही." गायकवाडांच्या मिसेस चहा आणायला आत गेल्या होत्या, त्या परत बाहेर आल्याच नाहीत. पुढं गायकवाड फेब्रुवारीत चालायला लागले, पण मॅडमशी बोलायला त्यांना आणखी एक वर्ष लागलं.

रशीदभाईच्या दुकानातली बातमी कॉलनीत पोचायला वेळ लागला नाही. एका मंगळवारी समाजातली तीन वयस्कर माणसं जाब विचारायला प्रयोगशाळेत आली. मॅडमनी वाद घातला नाही. त्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या गृहस्थांना स्टुलावर बसवलं आणि सूक्ष्मदर्शक पुढं सरकवला.

"हे काय हाय?"

"शेळीच्या गुडघ्यातल्या गादीच्या पेशी. जिवंत आहेत."

"आन् शेळी?"

"शेळी मेली. ह्या मेल्या नाहीत."

म्हातारबुवा बराच वेळ वाकून बघत राहिले. मग मान वर न करता हळूच म्हणाले, "आमच्या घरात लय त्रास हाय गुडघ्याचा. रात-रात बसून असती ती. तिच्यासाठी काही हुईल का?"

"नाही," मॅडम म्हणाल्या.

ते तिघं गेले. मी म्हणालो, "मॅडम, प्रयत्न चालू आहेत एवढं तरी म्हणायचं होतं."

"कोणाचे प्रयत्न? कधीपर्यंत? सांगता येत नसेल तर सांगू नये."

अशा माणसाजवळ कोण बसणार? दुपारच्या डब्याला स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी असायची. पुढं पुढं त्या प्रयोगशाळेतच, अलीकडच्या खोलीत, रजिस्टर उघडं ठेवून जेवायला लागल्या. मी स्टाफरूममध्ये जायचो. तिथं गप्पा चांगल्या व्हायच्या, आणि त्यातल्या निम्म्या मॅडमवरच असायच्या. मीच रंगवून सांगायचो.

सगळ्यात जास्त मी रंगवून सांगायचो ती मे महिन्यातली गोष्ट. मॅडमना अखेर मोठ्या प्रयोगाची परवानगी मिळाली होती. सहा शेळ्यांच्या गुडघ्यात प्रयोगशाळेत वाढवलेला तुकडा बसवायचा. खाली हाड, वर गादी, दोन्ही एकत्र वाढवलेलं. नुसतं चिकटवलं तर महिनाभरात सुटतं म्हणून सोबतच वाढवायचं, हा त्यांचा बारा वर्षांचा हट्ट होता. तुकडे करायला लागणाऱ्या पेशी आठ फ्लास्कमध्ये तयार झाल्या होत्या आणि भर दुपारी कॉलेजचा ट्रान्सफॉर्मर जळाला.

आता दुसरीकडं वीज गेली की पेशी गारठतात. परभणीत मे महिन्यात बाहेर चव्वेचाळीस आणि खोलीत बेचाळीस. एसी बंद पडला आणि पेशींच्या पेटीतला आकडा वर चढायला लागला. अडतीस. साडेअडतीस. पेशींना लागतं सदतीस.

"काळे," मॅडम म्हणाल्या, "या इमारतीत आत्ता सदतीस डिग्री कुठं आहे?"

"कुठंच नाही, मॅडम."

"आहे. तुमच्या पोटावर."

मला वाटलं उन्हानं काहीतरी झालं यांना. पण त्यांनी थर्मामीटर आणला, माझ्या तोंडात घातला, वाचला आणि मान डोलावली. शिपाई गजानन दारात उभा होता, त्याच्याही तोंडात घातला. गजाननला सर्दी होती. "नव्याण्णव पॉइंट चार. तुम्ही नको," म्हणून त्याला बाद केलं. गजाननला त्याचं वाईट वाटलं. मग फ्लास्कांची झाकणं घट्ट लावून, सर्जरीतून बँडेजचे रोल आणून, चार फ्लास्क माझ्या पोटाला शर्टाच्या आतून आडवे बांधले. चार आत जाऊन त्यांनी स्वतःला बांधून घेतले. वरून ओले टॉवेल. आणि आम्ही दोघं व्हरांड्यात भिंतीला टेकून बसलो.

साडेतीन तास. घाम गळत होता. तेवढ्यात आमचे मोठे साहेब जनरेटर बघायला आले. माझ्याकडं बघून थांबले. "काय झालं काळे, पोटात दुखायलंय का?"

"नाही सर. पेशी आहेत."

साहेबांनी मॅडमकडं बघितलं. त्यांच्याही पोटावर टॉवेल. साहेब जनरेटरकडं निघून गेले. मला हसू आवरेना.

"हसू नका," मॅडम म्हणाल्या. "हलतात."

पाचला वीज आली. मॅडमनी एकेक फ्लास्क सूक्ष्मदर्शकाखाली धरला. सगळ्या जिवंत. "तुमच्याकडच्या जास्त चांगल्या आहेत," त्या मला म्हणाल्या. सतरा वर्षांतलं हे एकमेव कौतुक. मी घरी बायकोला सांगितलं. तिला त्याचं काय करावं ते कळलं नाही.

शेळ्या आणायला आम्ही जिंतूरच्या रस्त्यावर एका वस्तीत गेलो. शेरडं-मेंढरं राखणारी पाच-सहा घरं. भागाबाई नावाची म्हातारी, सत्तरीची, काठी घेऊन आली. पाय धनुष्यासारखे वाकलेले. दर पावलाला सगळं अंग एका बाजूला कलायचं आणि परत यायचं. तिच्या काळ्याभोर शेळ्या बघण्यासारख्या होत्या.

"कशाला पायजेत?" तिनं विचारलं.

"सरकारी काम आहे—" मी सुरुवात केली. मॅडमनी हातानं मला थांबवलं आणि म्हातारीसमोर मातीत मांडी घालून बसल्या. गंगाखेडकडच्या खेड्यात वाढलेल्या बाई, बोलायला लागल्या की भाषा आपोआप तिकडची व्हायची.

"मावशी, यांच्या एका गुडघ्यात बारीक भोक पाडणार. त्यात आमी वाढवलेलं हाड आन् गादी बसवणार. सहा महिने चारणार, बघणार. मंग मारून, गुडघा कापून, धरलं का न्हाई ते बघणार."

मी डोळे मिटून घेतले. व्यवहार मोडलाच.

भागाबाई विचार करत होती. "दुखंल का?"

"गुंगी देऊन करणार. नंतर चार-पाच दिवस दुखंल. त्याला औषध देऊ."

"आन् मारताना?"

"झोपेचं इंजेक्शन. कळणार न्हाई."

"खाटीक कुठं सांगतो एवढं," म्हातारी म्हणाली. "आमी बी इकतोच की. इकलं की मागं वळून बघत न्हाई. पर ह्यायला बघाया येणार मी. महिन्याला एक डाव. चालंल का?"

"कशाला?"

"कशाला काय माय! चालायल्यात का न्हाई ते बघाया. माहे गुडघे बी असेच गेल्यात की."

मॅडमनी तिच्या गुडघ्यांकडं बघितलं. मग म्हणाल्या, "या."

शस्त्रक्रिया झाल्या. शेळ्यांना नावं द्यायची नाहीत, एक ते सहा आकडे फक्त, असा मॅडमचा नियम. मी सुबाभळीचा पाला जास्त टाकला तर रागवायच्या. "लाड करू नका काळे, वजन वाढतं, गुडघ्यावर भार येतो."

आणि महिन्याच्या महिन्याला, बाजाराच्या दिवशी, भागाबाई जिंतूरहून एसटीनं यायची. पहिल्या वेळी गेटवरच्या वॉचमननं तिला आत सोडलं नाही. मॅडमनी तिचा पास बनवून घेतला. पासावर कामाचं स्वरूप लिहायची जागा असते. तिथं त्यांनी लिहिलं, "निरीक्षण." गेटपासून शेळ्यांच्या गोठ्यापर्यंतचा रस्ता लांब. म्हातारीला अर्धा तास लागायचा. मॅडम खिडकीतून बघत उभ्या राहायच्या. खाली जाऊन हात देणं काही त्यांच्याच्यानं व्हायचं नाही. पण दुसऱ्या महिन्यापासून म्हातारी यायच्या दिवशी सहाही शेळ्या सकाळीच गेटजवळच्या शेडमध्ये आणून बांधायचा हुकूम सुटला. रजिस्टरमध्ये कारण लिहिलेलं असायचं: "हवापालट."

भागाबाई शेडसमोर बसून एकेक शेळी चालवायला लावायची. आमच्याकडं शेळीची चाल मोजायला कॅमेरा होता. त्यात सहाही शेळ्या सारख्याच दिसत होत्या.

"तिसरी पाय चोरायलीय," म्हातारी म्हणाली.

"कॅमेऱ्यात नाही दिसत," मी म्हणालो.

"मावशी, नेमकं सांगा," मॅडम वही घेऊन पुढं झाल्या. "कशावरून?"

"नेमकंच सांगायलेय माय. तो पाय टेकवताना कान हलवती बघ. बाकीच्या हलवीत न्हाईत."

मॅडम त्या दिवशी दोन तास उन्हात उभ्या राहून तिसऱ्या शेळीचा कान बघत होत्या. दुसऱ्या दिवशी रजिस्टरमध्ये गुडघ्याची सूज, वजन, चाल यांच्या शेजारी एक नवा रकाना आखला गेला: "कान". तो मला रोज भरायला लागायचा. ही गोष्टही मी स्टाफरूममध्ये पुष्कळ रंगवून सांगितली.

भागाबाई जाताना दर वेळी आपल्या मांडीवर हात मारून विचारायची, "मंग? ह्याचा नंबर कवा?" मॅडम वहीत काहीतरी लिहीत असायच्या. "बघा मावशी, बस सुटंल," एवढंच म्हणायच्या. मला तेव्हा ते खटकलं नाही. आता खटकतं. म्हातारबुवांना तोंडावर नाही म्हणणारी बाई सहा महिने बसचं कारण सांगत होती.

सहावा महिना संपला. तारीख ठरली. मॅडमनी भागाबाईला वस्तीवर निरोप पाठवला, कारण तारीख कळवायचं त्यांनी कबूल केलं होतं. म्हातारी त्या दिवशी सकाळीच आली. आत आली नाही. शेडबाहेर बाभळीखाली बसून राहिली.

इंजेक्शन द्यायचं काम सर्जरीच्या डॉक्टरांचं. मॅडमचं तिथं काही काम नव्हतं. पण त्या आत आल्या, हातातले मोजे काढून ठेवले आणि पहिल्या शेळीचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. कानामागं खाजवत राहिल्या. मग दुसरी. सहाही शेळ्या तशाच गेल्या. डॉक्टर तरुण होते, त्यांनी विचारलं, "मॅडम, तुम्ही बाहेर बसता का?" त्यांनी मानेनंच नाही म्हटलं.

मग आम्ही गुडघे उघडले. चार शेळ्यांत गादी धरली होती. गुळगुळीत, पांढरी, कडेच्या जुन्या गादीला मिळून गेलेली. बोट फिरवलं तर जोड लागत नव्हता. पाचवीत खाली हाड आलं होतं पण वरची गादी पातळ पापुद्र्यासारखी सुटत होती. आणि तिसरीत काहीच नव्हतं. नुसता तांबूस, चिवट व्रण. कान हलवणारी ती हीच.

मॅडम हात धुऊन बाहेर गेल्या. मी मागं गेलो. भागाबाई उठायला लागली, त्या म्हणाल्या, "बसा मावशी," आणि शेजारी बसल्या.

"गुण आला का?"

"चार जणींना आला. एकीला अर्धा. तिसरीला न्हाई. तुमी सांगितलं तेच."

"चार म्हंजी लय झालं की." म्हातारीचा चेहरा उजळला. "मंग आता माहा नंबर."

मॅडमनी तिच्याकडं बघितलं. "न्हाई मावशी. तुमच्या वेळेला हुणार न्हाई. माणसात करायला अजून लय वर्षं लागतील. मी बी पाच महिन्यांत रिटायर हुणार. माझ्या बी वेळेला हुणार न्हाई."

भागाबाई काही वेळ काठीच्या टोकानं माती उकरत राहिली. रागावली नाही. पण तिनं जे विचारलं ते अजून माझ्या कानात आहे.

"हे तुला पैल्यापासून ठावं व्हतं?"

"व्हतं."

"मंग मला दर महिन्याला यीऊ काहून दिलंस, माय?"

मॅडमनी तोंड उघडलं आणि मिटलं. मी सतरा वर्षांत त्यांना असं पाहिलं नव्हतं. म्हातारी काठीवर भार देऊन उठली आणि गेटकडं निघाली. रिक्षा बोलवायला मी धावलो. परत आलो तेव्हा मॅडम बाभळीखाली तशाच बसल्या होत्या.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते थोडक्यातच झालं. अहवाल गेला. वरून शेरा आला की काम समाधानकारक, मात्र "कान" हा रकाना काढून टाकावा. मॅडमनी तो काढला नाही, त्यामुळं अहवाल दोनदा परत आला. तिसऱ्या वेळी साहेबांनी कुणाला तरी सांगून तो रकाना काढवला. प्रकल्पाला मुदतवाढ मिळाली नाही. त्यांच्या जागी नवीन माणूस येणार नव्हता. शेवटच्या आठवड्यात फ्रीजर रिकामा करायचा होता, पेशी नष्ट करायच्या होत्या. मी म्हणालो, मी करतो. त्या म्हणाल्या, "मी आणल्या, मीच टाकते." एकेक फ्लास्कमध्ये त्यांनी औषध ओतलं, लेबल खोडलं, रजिस्टरला नोंद केली आणि पेटीचं बटण बंद केलं. त्या पेटीचा घूंऽऽ असा आवाज खोलीत कायम असायचा. तो थांबल्यावर खोली एकदम मोठी वाटायला लागली.

निरोप समारंभाला शाल, नारळ, भाषणं. साहेब म्हणाले, मॅडमची उणीव कायम भासेल. मॅडम बोलायला उभ्या राहिल्या. "मला इथं एकोणतीस वर्षं काम करू दिलं. चार शेळ्यांत जमलं." एवढंच बोलून बसल्या. लोकांना कळेना, टाळ्या वाजवायच्या की नाही.

त्यानंतर त्या कुठं असतात, काय करतात, कुणी विचारलं नाही. मीही नाही. मला दुसऱ्या विभागात दिलं. स्टाफरूममध्ये पोटावरच्या फ्लास्कची गोष्ट मी नवीन आलेल्यांना एक-दोनदा सांगितली. पहिल्यासारखी रंगली नाही.

पुढच्या हिवाळ्यात एका सोयरिकीच्या कामानं मी जिंतूरला गेलो होतो. परत येताना एसटीत खिडकीशी बसलो होतो. तुरीच्या शेतांच्या कडेनं एक शेरडांचा कळप चालला होता आणि त्यांच्या मागं सुती साडी, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट, डोक्यावर छत्री. मी खिडकीतून मान बाहेर काढली. मग कंडक्टरला बेल मारायला लावून उतरलो आणि बांधावरून पळत गेलो.

"मॅडम!"

त्या वळल्या. काळवंडल्या होत्या. कपाळाची विभूती घामानं ओघळली होती. "काळे," त्या म्हणाल्या, जशा सकाळी प्रयोगशाळेत म्हणायच्या. "त्या भुरीला तिकडून वळवा. तुरीत शिरंल."

मी भुरीला वळवली. मग विचारलं, "मॅडम, तुम्ही इथं?"

"भागाबाईचं चालणं बंद झालंय. बाजेवरून उठता येत नाही. मुलगा-सून पुण्याला कामाला आहेत. शेरडं कोणीतरी बाहेर काढायला पाहिजेत." त्या छत्री मिटून बांधावर बसल्या. "जिंतूरला खोली घेतलीय. सकाळच्या बसनं येते."

"पण तुम्ही कशा काय..."

"तिनं मला विचारलं होतं ना, का येऊ दिलं म्हणून. त्याचं उत्तर द्यायला आले होते. आले तर शेरडं तीन दिवसांची कोंडून पडली होती, ओरडत होती. म्हटलं, आधी यांना पाण्यावर नेऊन आणू."

"मग? काय उत्तर दिलं?"

"अजून नाही दिलं."

किती महिने झाले ते मी विचारलं नाही. बुटांचे तळ झिजलेले दिसत होते. त्यांनी पिशवीतून फडकं काढलं, ज्वारीची भाकरी मोडून अर्धी माझ्यापुढं केली. वर शेंगदाण्याची चटणी. "भागाबाईनं दिलीय. बसून भाजते. मला जमत नाही तिच्यासारखी." मी घेतली. आम्ही शेजारी शेजारी बसून खाल्लं. शेरडं बोरीच्या काट्यांत तोंड घालून पाला ओरबाडत होती.

भाकरी संपल्यावर त्यांनी समोर बघतच विचारलं, "काळे, तुमच्या घरी कोण कोण असतं?"

मी सतरा वर्षं रोज सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या बाईंसमोर उभा होतो.

"वडील आहेत," मी म्हणालो. "बायको. दोन मुली."

"नावं काय मुलींची?"

मी सांगितली. मोठी काय शिकते ते सांगितलं, धाकटीला गणित जड जातं ते सांगितलं. वडिलांना हल्ली ऐकायला कमी येतं, टीव्ही फार मोठ्यानं लावतात, त्यावरून घरात रोज भांडण होतं, तेही सांगितलं. त्या ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, "मग?" मी आणखी सांगत गेलो. परभणीकडं जाणारी बस धूळ उडवत समोरून गेली. हात केला असता तर थांबली असती.